घरचे दाखले

शनिवारी संध्याकाळी आमच्या मागच्या दारात चपला मावत नाहीत. आम्ही चर्चच्या हॉलच्या पाठीमागे दोन खोल्यांत राहतो. हॉलला पुढून चांगलं मोठं दार आहे, पण तरुण मंडळी मागूनच येतात, कारण चहाचं पातेलं मागे असतं. कोणी जिनिंगमधून सरळ येतं, तेव्हा त्याच्या केसांत कापूस अडकलेला असतो. कोणी कॉलेजातून येतं, कोणी शेतातून. तांड्यावरची पोरं एका मोटरसायकलवर तिघं बसून येतात आणि आल्या आल्या ढोलकी कोणी वाजवायची यावरून भांडतात. मला सगळे वहिनी म्हणतात. मी पोहे करते, चहा गाळते आणि सभा सुरू झाली की दाराशी चपलांजवळ बसते. तिथून हॉलही दिसतो आणि गॅसवर काय ठेवलं आहे तेही दिसतं.

माझे यजमान दिवसा मालवाहू ऑटो चालवतात. मी त्यांना 'हे' म्हणते, इथेही तसंच लिहिते. खताची पोती, सिमेंट, लग्नाच्या खुर्च्या, जे मिळेल ते घेऊन हे दिग्रसहून पुसदला, फुलसावंगीला, आडबाजूच्या खेड्यांना जातात. संध्याकाळी परत आले की हातपाय धुतात आणि तरुण संघाचे होतात. आमचं लग्न झालं त्याच वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनी हे काम यांच्याकडे दिलं. शनिवारची सभा, रविवारी मुलांचे वर्ग, दिवाळीच्या सुट्टीत शिबिर, आणि मधल्या दिवसांत फोन. कोणी नापास झालं की फोन येतो, कोणाचं घरी भांडण झालं की येतो, कोणाचं कोणावर मन गेलं तरी यांनाच येतो. जेवताना यांच्या डाव्या हातात फोन नाही असं फार कमी वेळा होतं.

आमची दोन मुलं या सगळ्यात वाढली. मोठी मुलगी, धाकटा मुलगा. धाकट्याने पहिलं पाऊल ढोलकीला धरून टाकलं. तो आता पळी माइकसारखी धरून कोंबड्यांना उपदेश करतो. मोठी लहान असताना सभेत कोणाच्याही मांडीवर झोपायची आणि शेवटी मला ती कुठे झोपली ते शोधावं लागायचं. तिचे पहिले दात पडले ते मला कळायच्या आधी तरुण संघाला कळले. एवढी माणसं जीव लावतात, मुलांना काही कमी पडत नाही, असं मला वाटे. आजही तसं वाटतं. तरी मोठी दुसरीत असताना एक गोष्ट झाली. ती मला काही सांगेनाशी झाली होती. ती परत कधी सांगेल की नाही याची मला धास्ती लागली होती. तेवढंच मी लिहिते आहे. बायकांच्या सभेत साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, पाळी आली की दोन वाक्यांत मी खाली बसते. कागदावर मला कोणी बघत नाही.

आमच्याकडे उपदेश दाखल्याने, म्हणजे एखाद्या गोष्टीने, सुरू होतो. पाळकसाहेब शिकलेले आहेत, त्यांच्याजवळ दूरदूरच्या देशांतले दाखले असतात. यांच्याजवळ तसं काही नाही. दहावीनंतर हे गाडीवर लागले. पण यांनी एक ओळखलं होतं, की दिवसभर राबून आलेली पोरं बायबलमधली वचनं ऐकता ऐकता पेंगतात आणि घरातली गोष्ट सुरू झाली की सरळ बसतात. म्हणून यांचे सगळे दाखले आमच्या घरातले असत. आमची भाजी करपली तर त्यातून सहनशीलता निघे. धाकटा हरवला आणि ऑटोच्या मागच्या पोत्यांत सापडला, त्यातून हरवलेलं मेंढरू निघालं. यांना सांगता फार छान येतं. हाताने, डोळ्याने, मध्येच थांबून. शेजारच्या बकरीची कातडी कोरडी दिसली म्हणून मोठीने माझी खोबरेल तेलाची बाटली तिच्या पाठीवर ओतली होती. तो दाखला यांनी सांगितला तेव्हा पोरं लोळून हसली. पुढे महिनाभर ती दिसली की कोणी ना कोणी म्हणे, "ओ डॉक्टरीणबाई, आमच्या म्हशीले कधी पाहता?"

तेव्हा ती लाजून हसायची. तिला आवडायचं ते.

माझाही एकदा दाखला झाला होता. नवी नवरी असताना पाहुणे आले की मी दाराच्या फळीमागे उभी राहायची. यांनी ते सांगितलं, लोक हसले, मीही तोंडाला पदर लावून हसले. तो पदर काढायला मला बराच वेळ लागला होता हे यांना दिसलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही.

घरात रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी प्रार्थना असते. चौघं सतरंजीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि पाळीपाळीने प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. यांच्या लहानपणापासूनची ती रीत. मोठी बोलायला लागल्यापासून तिची पाळी असते. ती तिच्या मनातलं देवाला सांगायची, शाळेतल्या बाईंची साडी, हरवलेलं खोडरबर, सगळं. धाकटा तेव्हा आजारी असायचा, माझ्या मांडीवरून उतरत नव्हता. एके दिवशी तिने डोळे घट्ट मिटून म्हटलं, "देवा, भाऊ तू दिला, चांगला हाय. पण आता त्याले वापस घेऊन जाय. आईच्या मांडीवर जागाच नाई राह्यत."

मी डोळे उघडले. यांनीही उघडले होते. हे मान खाली घालून हसू दाबत होते. मी धाकट्याला बाजूला ठेवून तिला मांडीवर ओढली, तशीच ती आमेन म्हणाली. गोष्ट तिथे संपली असं मी समजले.

त्या शनिवारी तोच दाखला झाला. विषय होता खरी प्रार्थना. यांनी तिचा आवाज काढून ते वाक्य सांगितलं. सगळा हॉल हसला आणि मग हे हळू आवाजात म्हणाले की देवाला अशी प्रार्थना आवडते, आपण मात्र त्याच्यासमोरही सजवून बोलतो. काही पोरींचे डोळे भरून आले. उपदेश चांगला झाला, मी खोटं का लिहू. मोठी पुढच्याच रांगेत बसली होती. मला तिची वेणी तेवढी दिसत होती. ती वेणी हलली नाही.

नंतर चहाच्या वेळी पोरींनी तिला मिठीत घेतलं. एक म्हणाली, "अवो, भावाले वापस पाठवून राह्यली का तू? दे मंग मले, मी नेते घरी." मस्करी प्रेमाचीच होती. पण ती थांबली नाही. ढोलकी वाजवणारा पोरगा दर शनिवारी दारातून आत येतानाच विचारी, "काय, नेला का नाई देवानं अजून?" धाकट्याला ते काही कळत नव्हतं, तो आपला हसायचा. मोठी आत जाऊन माझ्या मागे उभी राहायची.

त्यानंतर तिची प्रार्थना बदलली. एका संध्याकाळी तिची पाळी आली आणि ती म्हणाली, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आजच्या या सुंदर दिवसाबद्दल आम्ही तुझे मनापासून आभार मानतो. आजाऱ्यांना स्पर्श कर, प्रवाशांना सांभाळ." थेट पाळकसाहेबांसारखं, कुठे न अडखळता. यांना इतका आनंद झाला की पुढच्या शनिवारी तेही सांगून झालं. मग मंडळीतल्या बाया तिला प्रार्थना करायला लावू लागल्या. एवढीशी पोर, पण कशी बोलते बघा, म्हणायच्या. ती रोज तेच बोलायची, शब्द मागेपुढे न करता. मी डोळे मिटून ऐकायची. त्यात खोडरबर नसे, बाईंची साडी नसे, मी नसे. त्यात ती कुठेच नव्हती.

माझ्याशीही तसंच. शाळेतून आली की, काय झालं आज? काही नाही. कोणाजवळ बसली? कोणाजवळ नाही. आधी दप्तर खाली ठेवायच्या आत तिच्या चार गोष्टी सांगून झालेल्या असत. मोठी होते आहे, असं हे म्हणाले. सात वर्षांची पोर अशी एका महिन्यात मोठी होते का, असं मला विचारायचं होतं, पण मी विचारलं नाही. संघाच्या कामाबद्दल मी कधी काही बोलले नव्हते. बोलायचं म्हणजे कुठून धरायचं तेही कळत नव्हतं. सगळे तर जीवच लावत होते.

उन्हाळा लागायच्या सुमाराला ती हाक मारली तरी येईनाशी झाली. मी पाठीमागून दोनदा बोलावलं तरी ती खेळत राही. हे म्हणाले, ऐकत नाही, लाडावली आहे. शाळेतूनही निरोप आला की वर्गात लक्ष देत नाही. मलाही वाटलं, रुसून आहे. मग एका रविवारी मी तिला न्हाऊ घालत होते. डोक्यावर पाणी ओतून कानामागे हात फिरवला तशी ती चटकन मान चोरून बाजूला झाली. मी पुन्हा हात लावला. तिने माझा हात धरला, पण ओरडली नाही. ते न ओरडणं मला बरं वाटलं नाही. तिला उन्हात नेऊन मी कान पाहिला. आतून सुजला होता आणि ओला होता.

"काय झालं हे?"

"काई नाई."

"दुखते का?"

"नाई."

सोमवारी सकाळी हे पुसदला माल घेऊन गेले होते. दिग्रसच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाले, आत काहीतरी आहे, यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे न्या, आजच न्या. धाकट्याला मी संघातल्या एका पोरीकडे ठेवलं आणि यवतमाळची एसटी धरली. एकटी मी कधी तिथे गेले नव्हते. दवाखान्यात कोणाला काय विचारायचं याची वाटभर मनात जुळवाजुळव करत होते आणि मोठी खिडकीतून बाहेर पाहत होती. मी तिच्याशी बोलले की ती मान फिरवून दुसरा कान माझ्याकडे करायची. हे ती किती दिवसांपासून करत असेल, आणि मला ते दिसलं नाही.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या. त्यांनी बारीक आकडी आत घातली, मोठीने माझं बोट इतकं आवळलं की मला कळ आली, आणि मग कापसावर तुरीचा दाणा पडला. फुगलेला, साल फाटलेली. बाईंनी विचारलं, बेटा हा आत कसा गेला? कधी गेला? तिने माझं बोट सोडलं नाही. पडदा शाबूत आहे, अजून राहिला असता तर कठीण होतं, असं सांगून बाईंनी थेंब लिहून दिले आणि कानात कापूस घातला.

परतीच्या एसटीत गर्दी होती, पण आम्हाला मागे जागा मिळाली. मी तिला अशी बसवली की तिचा चांगला कान माझ्याकडे येईल. समोरच्या म्हातारीने मागे वळून विचारलं, पोरीच्या कानाला काय झालं बाई? मोठीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हातारीला म्हटलं, काही नाही, साफ करून आणला. म्हातारी पुढे पाहू लागली. मोठी माझ्याकडे अजून पाहतच होती. थोड्या वेळाने ती माझ्या अंगाला टेकली. गाडी दारव्हा सोडून पुढे निघाली तेव्हा मी हळूच विचारलं, "दाणा गेला कसा?"

"मीच टाकला."

"काहून?"

"मले आयकाचं नव्हतं."

मग एकेक करून कळलं. माहेराहून, मारेगावकडून, आमच्याकडे दरवर्षी तूर येते. एका शनिवारी सभेत दाराशी बसल्या बसल्या मी ती सुपात निवडत होते आणि मोठी माझ्याजवळ होती. पप्पा माइकजवळ उभे राहिले, घरची गोष्ट सुरू होणार असं तिला वाटलं, म्हणून तिने सुपातला एकेक दाणा दोन्ही कानांत घातला. घरी येऊन झोपली तेव्हा एक निघून पडला. दुसरा आत सरकला. त्या दिवशी गोष्ट तिची नव्हतीच, करपलेल्या भाकरीची होती. पण तिने ती ऐकली नव्हती, म्हणून तिला ते माहीत नव्हतं.

"दुखे नं?"

"दुखे."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"तू पप्पाले सांगशीन," ती म्हणाली. "पप्पा माइकात सांगतीन. मंग सारे हासतीन."

रागाने म्हणाली नाही. गाडी दिग्रसला कधी पोचते असं कोणी विचारावं आणि आपण सांगावं, तसं म्हणाली. मी तिच्या कानातला कापूस नीट केला. तो नीटच होता.

त्या दिवशी हे घरी आले तेव्हा मी एवढंच सांगितलं की तुरीचा दाणा होता, काढला. यांनी तिला मांडीवर घेतलं, मोबाइलची बॅटरी लावून कान पाहिला आणि देवाचे आभार मानले. यांचे डोळे ओले झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऑटोवर ताडपत्री बांधत होते. मी चहा घेऊन बाहेर गेले आणि दाणा कसा गेला ते सांगितलं. तिने मुद्दाम घातला, सभेत, तुमची गोष्ट ऐकू येऊ नये म्हणून. सांगताना माझी नजर दोराच्या गाठीवर होती.

मी वर पाहिलं तेव्हा यांच्या चेहऱ्यावर आधी वाईट वाटल्याचं दिसलं. आणि मग त्याच्या मागोमाग ओठाच्या एका कोपऱ्यात ते हसू आलं. ते हसू मी ओळखते. दाखला सापडला की येतं. कान असून बंद, आत दाणा फुगतो आणि माणसाला ऐकू येत नाही. मलासुद्धा दिसला तो दाखला. चांगला होता.

"हे सांगाचं नाई," मी म्हटलं.

"नाव नाई घेत मी तिचं."

"घरात दुसरी पोरगी हाय का आपल्या?"

हे थांबले. मी असं कधी बोलले नव्हते. दोर हातात तसाच धरून हे म्हणाले, पोरांना मग मी कशातून समजावू? पाळकसाहेब शिकून आले आहेत. मी काय वाचलं? पुस्तकातलं सांगायला लागलो की माझी जीभ अडखळते. एवढ्या दुरून पोरं येतात, ती या गोष्टींसाठी येतात. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्यापाशी तुमीच हा. दुसरं काय हाय?"

"आमी हाओच," मी म्हटलं. "पण तिनं ते देवाले सांगितलं होतं. तुमाले नाई, तरुण संघाले नाई."

यांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. चहा न घेता गेले. जास्त बोलले का, देवाच्या कामात आड आले का, असं दिवसभर सारखं मनात येत होतं. मधूनच ते हसू आठवे आणि वाटे, बोलले ते बरं झालं.

शनिवारी दुपारी मोठी अंगणात चिखलाच्या भाकरी थापत होती. हे तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, आजपासून तुझी गोष्ट मी सभेत सांगणार नाही. तिने वर न पाहता "बरं" म्हटलं आणि थापत राहिली. तिला ते खरं वाटलं नव्हतं. संध्याकाळी ती माझ्याजवळ बसली आणि हे उभे राहिले तसे तिने दोन्ही हात गालांवर आणून ठेवले, बोटं कानांच्या अगदी जवळ. तुरीचं सूप मी फळीवर ठेवून दिलं होतं.

हे बोलायला लागले. गोष्टीची वेळ आली तशी पोरं सावरून बसली. ढोलकीवाला म्हणाला, "भाऊ, आज घरचं काई नाई का?"

"आज नाई," हे म्हणाले.

मग यांनी टायर पंक्चर झाल्याचं काहीतरी सांगितलं. कुठे पंक्चर झालं, जॅक कोणाकडून आणला, किती वेळ लागला. त्यातून विश्वासाकडे वळायचं होतं, पण वाट सापडेना. यांच्या कपाळावर घाम आला. मागच्या पोरांनी मोबाइल काढले. सभा लवकर संपली, चहा अजून उकळलाही नव्हता. एक पोरगी आत येऊन मला विचारून गेली, वहिनी, भाऊची तब्येत बरी नाही का? मी तिच्या हातात कप दिले. यांना असं उघडं पडलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. हे माझ्या बोलण्यामुळे झालं होतं.

पुढचे कितीतरी शनिवार तसेच गेले. हे जेवताना बायबल उघडून बसत, पानं उलटत, पुटपुटत. एका रविवारी पाळकसाहेबांनी यांना थांबवून घेतलं. काय बोलणं झालं ते यांनी सांगितलं नाही, पण आल्यावर ऑटो धुवायला घेतला, तो धुतलेलाच होता. घरातली प्रार्थना यांनीच बदलली. म्हणाले, आता ज्याने त्याने मनात करायची. ते यांना सर्वांत कठीण गेलं. आवाज न काढता प्रार्थना म्हणजे यांच्यासाठी इंजिन बंद करून ऑटो चालवणं. हे मध्येच घसा साफ करत, उसासा टाकत. धाकटा मधूनच आमेन ओरडे. मोठी डोळे मिटून गप्प बसे. ती आत काही म्हणते की नुसती बसते, ते कळायला मार्ग नव्हता. आणि कळायला नकोच, असं मी मनाला समजावत होते.

माझ्याशी ती हळूहळू बोलायला लागली. आधी खोडरबर, मग बाई, मग कोणाचं कोणाशी वाजलं. काही सांगून झालं की थांबायची आणि माझ्याकडे पाहायची. मी भाजी चिरत राहायची. पप्पांना सांगू का असं मी विचारत नव्हते आणि सांगतही नव्हते. यांच्याशी मात्र ती नेमकं बोलायची. पाणी, दप्तर, सही. हे बाहेरून आले की ती चालू वाक्य तिथेच सोडून उठायची. यांना ते दिसत होतं. एकदा मला म्हणाले, माझ्याशी कधी बोलेल ती?

पाऊस संपून सोयाबीन निघायला लागलं तेव्हाची गोष्ट. हे अंगणात ऑटो धूत होते आणि मोठी मगाने चाकावर पाणी टाकत होती. मी दारात तांदूळ निवडत होते. तिने हातातला मग खाली ठेवला आणि यांच्या बाहीला धरून ओढलं. हे वाकले. तिने यांच्या कानाला तोंड लावलं, वरून हाताचा आडोसा केला आणि बोलू लागली. बराच वेळ बोलत होती. हे तसेच वाकून, हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं. तिचं सांगून झालं आणि हे उभे राहिले, तेव्हा ते हसू यांच्या ओठाच्या कोपऱ्यात आलं. मी दारातून पाहिलं. माझे हात तांदळात थांबले. मग यांनी ओल्या मनगटाने तोंड पुसलं, दोनदा पुसलं, आणि चाक धुवायला घेतलं.

जेवताना मी विचारलं, "काय म्हणे ती?"

"काई नाई."

"मलेही नाई सांगाचं?"

यांनी मोठीकडे पाहिलं. ती वरणभात कालवत होती. कालवता कालवताच तिने मान हलवली.

"नाई सांगता येत," हे म्हणाले आणि भाकरी मोडली.

मला थोडं लागलं, खरं सांगते. एवढे दिवस मीच सांभाळून घेतलं होतं.

शनिवारी माझं चहात लक्ष नव्हतं. यांच्याजवळ आता नवी गोष्ट होती, आणि ती चांगली असणार, ते हसू मी पाहिलं होतं. एवढे शनिवार कोरडे गेल्यावर एखाद्याला राहवलं नसतं. मोठी त्या दिवशी माझ्याजवळ बसली नाही. ती पुढे, स्पीकरच्या खोक्याला टेकून बसली. हात मांडीवर होते. हे बोलायला उभे राहिले, वचन वाचलं, आणि गोष्टीच्या जागेवर येऊन थांबले. पोरं सावरून बसली. ढोलकीवाल्याने ढोलकी खाली ठेवली. यांनी एकदा मोठीकडे पाहिलं. मी पदर मुठीत धरला होता.

हे म्हणाले, पोती कशी रचायची ते सांगतो. खाली जड, वर हलकी. मग फुलसावंगीच्या रस्त्यावर एकदा उलटी रचली तर काय झालं ते सांगायला लागले. गोष्ट लांब होती आणि फार काही झालंही नव्हतं त्यात. मागे कोणीतरी जांभई दिली. मी पुढे पाहिलं तर मोठीची मान एका बाजूला पडली होती. ती झोपली होती, गोष्ट संपायची वाट न पाहता, दुखरा होता तो कान वर करून.

सभा संपल्यावर मी तिला उचलून आत नेलं. तिने यांना काय सांगितलं होतं ते मला अजून माहीत नाही.